धुनीचा राब

"पुढं म्हणजे कुठं?"

लेले वकील माझ्या पुढे चढत होते. थांबले, उपरण्यानं मान पुसली.

"काय म्हणालास, कुशा?"

"तुमी म्हनता, आमाला पुढं आनायचं. सरकारबी तेच म्हनतं. पुढं म्हणजे कुठं?"

"पुढं म्हणजे पुढं," ते म्हणाले, आणि चढू लागले.

हा प्रश्न मी रानाच्या शिपायाला विचारला होता. त्यानं दांडकं दाखवलं. शाळेच्या मास्तरांना विचारला होता. ते म्हणाले, तू दुसरीतून पळालास, म्हणून तुला कळत नाही. दादाला विचारायचं राहून गेलं.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, धावजी. चैत्रात जिल्ह्याच्या तुरुंगात तापानं मेला. आम्हाला कळलं तेव्हा सगळं उरकलेलं होतं. मी पायी गेलो, राख मागितली. दारावरचा माणूस काही वाईट नव्हता. म्हणाला, त्या आठवड्यात बरेच गेले, कुणाची कुठली ते आता सांगता येणार नाही.

रिकाम्या हातानं परत आलो. वहिनी दारातच उभी होती. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि आत गेली.

*

आता वैशाख सरत आला होता. आम्ही नाळेच्या खिंडीतल्या मठाकडे चाललो होतो. तिथे सहजनाथ बाबा राहत. वकिलांनी त्यांच्याकडून उपदेश घेतला होता. दर उन्हाळ्यात कोर्टाला सुट्टी लागली की ते मठात येऊन राहत आणि बाबांशी ब्रह्म, माया असलं काहीबाही बोलत. बोलत वकीलच. बाबा धुनीत लाकूड सारत.

या खेपेला वकिलांचं दुसरं काम होतं. उद्या रानखात्याचा इंग्रज साहेब खालच्या बंगल्यावर मुक्कामाला येणार होता. मला त्याच्यापुढे उभं करायचं, आणि त्याआधी मला बाबांच्या पायावर घालायचं, म्हणजे माझं डोकं शांत होईल, असा त्यांचा बेत. माझ्या कमरेला कोयता होता. त्यांनी तो दोनदा काढून ठेवायला सांगितला. मी ठेवला नाही.

वाटेत सरकारचा दगड लागला.

चौकोनी, घडीव, गुडघ्याएवढा. असे दगड आमच्या डोंगरावर ओळीनं रोवलेत. पलीकडचं रान सरकारचं, अलीकडचं आमचं. पण पहिला दगड रोवला तेव्हा आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. शिवेवर दगड रोवायचा तो वाघोबाचा, एवढंच आम्हाला ठाऊक. दादाला फार आनंद झाला होता. म्हणाला, हे सरकार शहाणं दिसतंय, वाघाला विचारून रानात पाय टाकतंय. त्यानं दगडाला शेंदूर लावला, कोंबडं दिलं, वाघबारशीला पोरं नाचवली. आणि देवाला विचारून झालंय म्हणून नेहमीसारखा आत जाऊन राबाचा टहाळ तोडला.

राब म्हणजे दुसरं काही नाही. झाडाच्या बारीक फांद्या आणि पाला तोडून वाळवायचा, रोपाच्या वाफ्यावर पसरायचा आणि पाऊस यायच्या आधी जाळायचा. भाजलेल्या मातीत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, रोप उठतं. नाही भाजलं तर तण रोपाला गिळतं, आणि मग वर्षभर चुलीवर काही चढत नाही.

शिपायानं दादाला टहाळाच्या ढिगाशीच धरला. ढीग तिथेच राहिला, दगडाच्या पलीकडे. वाळून खडखडीत झाला होता. मला वाटेवरून दिसत होता.

मी दगडापाशी बसलो. खाली पडलेली दगडाची चीप उचलली आणि दादानं लावलेला शेंदूर खरवडून काढला. वकील "अरे, अरे" म्हणत उभे राहिले. मी सगळा काढला. नखांत शिरला तेवढा राहिला.

*

वकील माणूस चांगला होता. दादाचा खटला त्यांनी आपण होऊन घेतला, तालुक्याला आम्हाला आपल्या पडवीत झोपू दिलं. रात्री हातात दिवा घेऊन उंदीर नेतात म्हणून आमच्या भाकरीवर पाटी झाकायला यायचे.

पण कोर्टात काय झालं ते मी विसरत नाही.

सरकारचा वकील उठला. म्हणाला, हे लोक मोजणीच्या दगडाला कोंबडं कापतात. रान यांच्या हाती कसं ठेवायचं? एका हंगामाच्या नागलीसाठी हे झाड जाळतात, सरकार शंभर वर्षांचा विचार करतं. अजून हे लोक लहान मुलासारखे आहेत, आणि मुलाच्या हातातून विस्तव काढून घ्यावा लागतो.

सगळे हसले.

मग आमचे वकील उठले. म्हणाले, बरोबर, हे लोक मोजणीच्या दगडाला कोंबडं कापतात. मग मुलाला कुणी तुरुंगात घालतं का? सरकार इथे कशासाठी आलं? यांना वर आणण्यासाठी. मग हात धरून वर आणा, लाथ मारून नको. हीच का तुमची सुधारणा?

तेव्हाही हसले. आमच्या बाजूनं हसले, एवढंच.

मी दादाकडे पाहिलं. सरकारचा वकील बोलला तेव्हा तो भिंतीकडे बघत होता. आमचे वकील बोलले तेव्हा त्यानं मान खाली घातली.

न्यायाधीशानं सांगितलं, आरोपीनं म्हणावं की मी अडाणी आहे, मला कळलं नाही, पुन्हा करणार नाही. समज देऊन सोडू. वकिलांनी ते दादाला समजावून सांगितलं.

दादा म्हणाला, "मी अडानी न्हाई."

पुन्हा समजावलं.

"मला कळत व्हतं मी कंचं झाड तोडतोय. ह्योच ऐन माझ्या आज्यानं तोडला. माझ्या बापानं तोडला. अजून उभा हाये. आमी फांदी घेतो. तुमी बुंधा नेता."

हे खरं होतं. पलीकडच्या डोंगरावर सरकारनं राखलेलं रान ठेकेदारानं आगगाडीच्या रुळांखाली घालायला नेलं होतं. तिथे आता ससासुद्धा लपत नाही.

न्यायाधीश म्हणाला, हा मनुष्य फार मागे आहे.

दादा म्हणाला, "रानातनं जाताना मागं कोन चालतं, ठावं हाय का सायेब?"

पुन्हा हसले. कुणालाच ठाऊक नव्हतं. वाघ ओळीतल्या शेवटच्या माणसाला धरतो. म्हणून पोरं पुढे, बायका मधे, आणि सगळ्यात जाणता गडी शेवटी. आमच्या ओळीत शेवटी दादा असायचा. हे सांगायला मी उठलो तर शिपायानं मला खाली दाबलं.

दादाला शिक्षा झाली. बाहेर नेताना त्यानं मला एवढंच सांगितलं. राब भाज. पोरी उपाशी ठेवू नको.

*

मठात पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. बाबा धुनीशी बसले होते. फार म्हातारे, हाडांवर कातडं. कानात जाड कुंडलं, हातात चिमटा. धुनी सात गोसाव्यांपासून पेटती आहे, कधी विझली नाही, असं लोक सांगतात.

वकिलांनी दंडवत घातला. धुनीतली चिमूटभर राख कपाळाला लावली, डोळे मिटले.

मी उभाच राहिलो.

बाबांनी माझ्या बोटांकडे पाहिलं.

"काय रं हे?"

"दगडाचा शेंदूर खरवडला."

"देव गेला?"

"तो देव नव्हताच."

"मंग खरवडलास कशाला?"

मी बसलो.

वकिलांनी सगळं सांगितलं. उद्याचा बेत सांगितला. साहेब तरुण आहे, समजूतदार आहे. याच्या भावाबद्दल त्याला वाईट वाटलंय. हा जर त्याच्यापुढे उभा राहून भावानं नाकारलं ते म्हणाला, तर साहेब तो टहाळाचा ढीग देईल. या वर्षापुरता. पण तेवढ्यानं दोन पोरी आणि त्यांची आई जगतील.

"आन तू काय म्हनतोस?" बाबांनी मला विचारलं.

मी म्हणालो, मी रान पेटवून देणार. दगडाच्या पलीकडचं सगळं. काडी लागायचा अवकाश.

"वारा कुठला हाये?"

"खालचा."

"खालचा वारा आग कुनीकडं नेतो?"

वर. रानाच्या वरच्या अंगाला असलेल्या आमच्या वाडीवर. बाबांनी धुनीतलं लाकूड जरा आत सारलं.

वकिलांना धीर आला. ते मांडी ठोकून बसले आणि बोलू लागले. मला ते तोंडपाठ होतं. म्हणाले, महाराज, सगळी मनुष्यजात एक घाट चढते आहे. कुणी माथ्यावर पोचलेत, कुणी मधे आहोत, हे बिचारे पायथ्याशी. आज इंग्रज माथ्यावर आहे. हा त्याचा दोष नाही, गुण आहे. त्याचा दोष एवढाच की वर पोचल्यावर तो खाली हात देण्याऐवजी वाटेत दगड रोवतो. आम्ही त्याच्याशी भांडतो ते याचसाठी. तू म्हणतोस तसा वाग, इतकंच आमचं त्याला म्हणणं.

बाबांनी ऐकून घेतलं.

"तुला माथा दिसला का, वकील?"

"ग्रंथांतून दिसतो, महाराज."

"बरं."

धुनीत एक गाठ फुटली, ठिणगी उडाली.

*

"उद्या या पोरानं काय म्हनायचं?" बाबांनी विचारलं.

वकिलांनी सांगितलं. साहेब, मी अडाणी आहे. मला कळत नाही. सरकार मायबाप आहे.

"नीट बोलंल का हा?"

"तोच तर घोर आहे. तापट आहे."

"मंग आत्ता घोकून घेऊ. सायेब कसा बसतो?"

वकील हसले. त्यांना वाटलं, महाराजांना लहर आली. "खुर्चीत. पायावर पाय टाकून."

बाबा उठले. शेण उचलायची पाटी उपडी घातली, तिच्यावर बसले. पायावर पाय टाकायला गेले तो वर ठरेना, हाडं नुसती. हातानं उचलून ठेवला. चिमटा छडीसारखा धरला. लंगोटी, जटा, आणि असं ऐटीत बसलेले. मला हसू आलं. दादा गेल्यावर पहिल्यांदा. आणि मग हसलो म्हणून माझाच मला राग आला.

"वकील, आधी तू म्हनून दाखव. पोराला कळंल."

"मी?"

"शिकवनाऱ्यानं आधी म्हनायचं. मंत्र देताना मी तसंच केलं का न्हाई?"

वकील उभे राहिले. हात जोडले. कोर्टात उभे राहायचे तसेच.

"साहेब, हा अडाणी आहे..."

"हा न्हाई. मी."

"हो, हो. साहेब, मी..."

थांबले.

उपरणं सारखं केलं. घसा खाकरला.

"साहेब, मी अ..."

आणि पुढचं आलंच नाही. ओठ हलले. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हाच शब्द हा माणूस माझ्या भावासाठी भरल्या कोर्टात किती वेळा बोलला होता. एकदाही अडखळला नव्हता.

"बोल की," बाबा म्हणाले. "पोरगा वाट बघतोय."

"महाराज, माझी गोष्ट वेगळी आहे."

"सायबाला सांग. तुजी गोष्ट कशी हाये?"

वकील हसायला गेले. ते हसणं अर्ध्यावर मोडलं.

मग हळूहळू सांगू लागले, आणि हे त्यांनी आधी कुणाला सांगितलं नसावं. मागच्या साली ते आणि आणखी काही शिकलेले लोक मोठ्या साहेबाकडे गेले होते. कारभारात आम्हालाही थोडं विचारा, असं सांगायला. बूट बाहेर काढायला लावले. साहेब गोड बोलला. म्हणाला, तुमची इच्छा चांगली आहे. पण तुमचे लोक अजून तयार नाहीत. अजून काही पिढ्या जाऊ द्या.

"मंग तू काय म्हनालास?"

वकील धुनीकडे बघत राहिले.

"काय म्हनालास?"

"आम्ही... त्यांचे आभार मानले."

ते खाली बसले. कपाळावरची राख घामानं ओघळून भुवईत आली होती.

*

"आता तू," बाबा मला म्हणाले.

मी उभा राहिलो. कोयता कमरेला टोचत होता. मनात म्हटलं, दादा हे बोलला नाही, मी तर त्याचा भाऊ. या म्हाताऱ्याच्या तोंडावर नाही म्हणेन आणि निघून जाईन.

मग चांगुणा दिसली. दादाची धाकटी. ती हल्ली भूक लागली की सांगत नाही. आईच्या पदराचं टोक चोखत बसते.

"सायेब," मी म्हणालो, "मी अडानी हाये. मला कळत न्हाई. सरकार मायबाप हाये."

एका दमात बोललो. कुठेही अडलो नाही. ते अगदी सहज आलं. मी तिथेच भुईवर बसलो आणि रडलो. ज्या शब्दांपायी दादा मेला ते माझ्या तोंडातून पाण्यासारखे गेले होते.

कुणी मला उठवलं नाही.

बऱ्याच वेळानं बाबांनी दोन्ही हातांनी आपला पाय खाली घेतला. पाटीवरून उठले.

"सायबानं ऐकलं," म्हणाले. "माफी झाली. राब घेऊन जा."

"कंचा राब?"

त्यांनी चिमट्यानं मठाच्या मागे दाखवलं.

तिथे गवतानं शाकारलेला मांडव होता. त्यात पावसाळ्याचं जळण रचलेलं. सरकारनं सगळं रान बंद केलं तरी धुनीसाठी वाळकी लाकडं घ्यायची मुभा ठेवली होती. धर्माचं काम आहे म्हणून. साहेब एकदा धुनी बघायला आला होता तेव्हा त्यानं टोपीसुद्धा काढली होती, असं म्हणतात.

"उद्या बंगल्यावर न्हाई जायचं?" मी विचारलं.

"एकच बोल हाये तुज्यापाशी. दोन सायबांपुढं कशाला खर्च करतोस?"

वकील ताडकन उभे राहिले.

"महाराज, त्या लाकडांवर सबंध पावसाळा काढायचाय. धुनी विझेल."

"विझंल."

"सात पिढ्यांची धुनी. लोक काय म्हणतील? आणि एक वर्ष भागलं, पुढच्या वर्षी काय? यातून काहीच सुटत नाही. शिवाय ती लाकडं धुनीसाठी दिलेली, शेतात जाळली तर तोही गुन्हा. आम्ही जी चार पावलं मिळवली... महाराज, हे मागे जाणं आहे."

"व्हय," बाबा म्हणाले, आणि कोपऱ्यातलं मडकं उचलून त्यातलं पाणी ओतून टाकलं.

वकील थोडा वेळ उभे राहिले. त्यांनी वाकून नमस्कार केला, पण या वेळी राख घेतली नाही. बंगल्याच्या वाटेनं एकटेच उतरून गेले. तिथे ते साहेबाशी काय बोलले मला ठाऊक नाही. मठात ते पुन्हा आले नाहीत.

*

सकाळी मी वाडीतल्या माणसांना घेऊन आलो. वहिनीही आली, पोरीही आल्या.

मांडव मोकळा केला. जाड लाकडं राबाला चालत नाहीत, टहाळ लागतो. पण खालच्या थरात काटक्या आणि वाळल्या फांद्या भरपूर निघाल्या. वरचं शाकाराचं गवतही बाबांनी काढायला लावलं. जाड होतं ते आम्ही फोडलं.

एक मोळी बांधताना माझा हात थांबला. फांदीचा घाव उलटा होता. उजव्या हाताचा माणूस तोडतो तसा नाही. दुसरी पाहिली. तिसरी. दादा डावरा होता. दर पौषात मठाला जळण आणून टाकायचा. या पौषातही आणलं होतं, धरला गेला त्याच्या आधी.

वहिनीनंही पाहिलं. ती मोळी तिनं डोक्यावर घेतली, दुसऱ्या कुणाला घेऊ दिली नाही.

बाबांनी धुनीतले निखारे मडक्यात भरले. खड्ड्यात जे राहिलं त्यावर लाकूड ठेवलं नाही. आम्ही उतरायला लागलो. पोरी पुढे, बायका मधे. मी शेवटी थांबलो तर बाबांनी मला चिमट्यानं पुढे ढकललं. सगळ्यात मागे ते राहिले, मडकं छातीशी धरून. मी दोनदा वळून पाहिलं. मठाच्या कौलांतून एरवी दिसतो तो धूर बारीक होत चालला होता.

दगडापाशी आलो तेव्हा चांगुणा थांबली. "काका, देवाचा रंग कुठं गेला?" मी तिचा हात धरला. पलीकडे दादाचा ढीग तसाच होता. त्याच्याशी शिपाई बसला होता. आमच्या मोळ्या पाहून तो उभा राहिला.

"कुठली रं लाकडं?"

मागून बाबा आले. शिपायानं त्यांना पाहून हात जोडले, आणि मग काय करावं ते न कळून हात जोडलेलेच ठेवले. आम्ही पुढे गेलो. वळून पाहिलं तेव्हा तो बंगल्याच्या दिशेनं पळत होता.

*

वाफ्यावर शेण पसरलं, त्यावर काटक्या, त्यावर गवत, वर चाळलेली माती. हे दरसाल दादा करायचा. मी नुसता पुढे द्यायचो. पेटवायचा तोच, वाऱ्याच्या उलट बाजूनं, म्हणजे आग धावत नाही, भुईत उतरते.

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी वाऱ्याच्या उलट बाजूला गेलो. बाबांनी मडकं माझ्या हातात दिलं. निखारे वाफ्याच्या कडेला ओतले आणि फुंकलं.

ज्वाळा फार उठली नाही. धूर उठला. पांढरा, दाट, सरळ वर गेला. बंगल्यावरून दिसला असणार. वहिनी वाफ्याच्या डोक्याशी उभी होती. आमच्यात चितेच्या डोक्याशी उभं राहतात तशी. तुरुंगात तिला हे करायला मिळालं नव्हतं. ती तिथेच बसली आणि पहिल्यांदा मोठ्यानं रडली. बायकांनी तिला धरलं.

जळायला दुपार लागली. बाबा बांधावर बसून होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. विचारलं, "बाबा, पुढं म्हणजे कुठं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं...

आणि नुसतं पाहिलंच.

मी म्हणालो, शिपाई माणसं घेऊन येईल. मला नेतील. ते बोल पुन्हा म्हणायला सांगतील, आणि आता ते माझ्यापाशी नाहीत. बाबांनी मान हलवली. होय म्हणाले की नाही, मला कळलं नाही.

राख निवत आली. मी वाफ्याच्या डोक्याशी गेलो, जिथे वहिनीनं तिची मोळी टाकली होती. पटक्याचा पदर फाडला. तिथली राख दोन्ही हातांनी उचलली आणि त्या चिंधीत घेतली. वहिनी आली. तिनं काही विचारू नये म्हणून मी आधीच हात पुढे केला.

"त्येंचीच ना?" ती म्हणाली.

"व्हय."

खालच्या वळणावर माणसं दिसू लागली. चार-पाच, पुढे शिपाई. चांगुणानं बोट दाखवलं. माझ्या हातून चिंधीची टोकं जुळेनात. मी बाबांकडे पाहिलं. वाटलं, आता तरी काही सांगतील. मी वहिनीला खोटं बोललो की खरं, दादा बरोबर होता की मी, ते.

बाबांनी चिंधीकडे पाहिलं.

"गाठ नीट मार," म्हणाले. "सांडंल."